हाय साइड गेटचं वेव्हफॉर्म बघायचंय, पण क्लिप लावायची कुठे?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहितो, म्हणजे पुढे गोंधळ नको. तुम्ही ४०० व्होल्ट डीसी बसवर (मुख्य डीसी सप्लायवर) हाफ ब्रिज, म्हणजे एकावर एक दोन मॉस्फेट स्विच, बनवलाय आणि वरच्या (हाय साइड) मॉस्फेटच्या गेटला नीट १२ व्होल्ट मिळतायत का ते बघायचंय. ऑसिलोस्कोपच्या (पुढे नुसतं स्कोप) साध्या १०एक्स प्रोबची, म्हणजे सिग्नल दहा पट कमी करणाऱ्या प्रोबची, टीप गेटला लावली, काळी क्रोकोडाइल क्लिप सोर्सला लावली, सप्लाय दिला आणि धाडकन आवाज होऊन ब्रेकर ट्रिप झाला, क्लिपची वायर काळी पडली. आता एक जण सांगतोय स्कोपची अर्थ पिन काढून टाका, दुसरा म्हणतोय दोन चॅनल लावून वजाबाकी करा, तिसरा म्हणतोय डिफरेन्शियल प्रोब घ्या. आणि तुम्ही विचारताय की सिग्नल जेमतेम १२ व्होल्टचा आहे तर हजार व्होल्टवाला प्रोब कशासाठी.

हा शेवटचा प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

व्होल्टेज नेहमी दोन पॉइंटमधलं असतं हे आपण सगळे शिकतो, पण स्कोप हातात घेतला की विसरतो, कारण प्रोबला टीप आणि क्लिप अशी दोन टोकं दिसतात आणि वाटतं मल्टिमीटरसारखं कुठेही लावता येईल. मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, त्याच्या दोन्ही वायरी हवेत आहेत. मेन्सवर चालणाऱ्या साध्या बेंच स्कोपची क्लिप मात्र बीएनसीच्या (प्रोब लावायच्या सॉकेटच्या) बाहेरच्या कड्यातून चॅसीला आणि चॅसीतून पॉवर कॉर्डच्या अर्थ पिनला थेट जोडलेली असते. चारही चॅनलच्या क्लिपा आतून एकच आहेत. म्हणजे क्लिप लावणं याचा अर्थ तो पॉइंट जाड वायरने अर्थला बांधणं. तुमच्या सोर्सला अर्थ व्हायचं नव्हतं, तो ४०० व्होल्टवर जायला निघाला होता, मग करंट क्लिपमधून गेला आणि वायर जळाली.

आता व्याख्या. वरचा मॉस्फेट ऑन असताना, बसचा मायनस अर्थला आहे असं धरलं तर, सोर्स अर्थपासून ४०० व्होल्टवर आणि गेट ४१२ वर असतो. दोघांतला फरक १२, हे डिफरेन्शियल व्होल्टेज, तुम्हाला हवंय ते. दोघांची सरासरी ४०६, हे कॉमन मोड, म्हणजे दोन्ही पॉइंट मिळून जे करतायत ते. मॉस्फेट ऑफ झाला, खालचा ऑन झाला की गेट आणि सोर्स दोघंही जवळपास शून्यावर येतात. कागदावर सरासरी काढतात, पण कामाच्या वेळी मी सरासरी काढत बसत नाही, मी एवढंच विचारतो की हे दोन पॉइंट मिळून स्कोपच्या अर्थच्या तुलनेत कुठे आहेत आणि किती वेगाने हलतायत. तुमच्या केसमध्ये उत्तर असं आहे: ० ते ४०० व्होल्ट, आणि मॉस्फेट बऱ्यापैकी फास्ट असेल तर ४० नॅनोसेकंदात. म्हणजे दर नॅनोसेकंदाला १० व्होल्ट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच फिरतंय.

तर हजार व्होल्टवाला प्रोब लागतो तो १२ व्होल्टसाठी लागत नाही, त्या १२ व्होल्टच्या खाली जी ४०० व्होल्टची जमीन वर-खाली होतेय तिच्यासाठी लागतो. डिफरेन्शियल प्रोबच्या डेटाशीटवर दोन वेगळे आकडे असतात, एक डिफरेन्शियल रेंज आणि एक कॉमन मोड रेंज, आणि लोक पहिलाच वाचतात. छोटे फास्ट डिफरेन्शियल प्रोब मिळतात ज्यांची डिफरेन्शियल रेंज तुम्हाला पुरेल असं वाटतं पण कॉमन मोड काही दहा व्होल्टच असतो, तो इथे लावला की गेला.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे: ही ४०० व्होल्टची बस येते कुठून? आयसोलेटेड बेंच सप्लायमधून येत असेल, जिचं कुठलंच टोक अर्थला नाही, तर बसच्या मायनसला क्लिप लावायला हरकत नाही, तो पॉइंट अर्थ होईल आणि बाकी सर्किट त्याच्या हिशोबाने चालेल. पण बस थेट मेन्सवरून ब्रिज रेक्टिफायर लावून येत असेल (मध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं पीएफसी सर्किट असो वा नसो) तर बसचा मायनस हासुद्धा अर्थ नाहीये! एका हाफ सायकलमध्ये तो न्यूट्रलजवळ असतो आणि दुसऱ्या हाफ सायकलमध्ये डायोडमधून लाइनला चिकटून अर्थच्या खाली जातो, २३० व्होल्टच्या मेन्सवर उणे ३२५ पर्यंत. तिथे क्लिप लावली की लाइन, एक डायोड, तुमची क्लिप, अर्थ असा सरळ रस्ता तयार होतो. तुमचा ब्रेकर पडला यावरून मला दाट शंका आहे की तुमची बस अशीच थेट मेन्सवरून आहे, कारण आयसोलेटेड सप्लाय असता आणि दुसरं काही अर्थला नसतं तर नुसती क्लिप सोर्सला लावून एवढा मोठा करंट गेला नसता. स्किमॅटिकमध्ये त्या मायनसला ग्राउंडचं चिन्ह काढलेलं असतं, त्या चिन्हावर विश्वास ठेवून खूप प्रोब जळालेत.

अर्थ पिन काढायच्या सल्ल्याबद्दल स्पष्ट सांगतो, करू नका. स्कोपची पूर्ण चॅसी, बीएनसीची कडी, मागचे यूएसबीचे शेल, सगळं ४०० व्होल्टवर नाचायला लागतं आणि तुमचा हात नॉब फिरवायला तिथेच जाणार आहे. जिवाचा धोका हे एकच कारण पुरेसं आहे, पण समजा कोणी म्हणालं मी हात लावणार नाही, तरी मोजमापही चुकीचंच येतं. स्कोपच्या बॉडीची आजूबाजूच्या अर्थशी आणि आतल्या पॉवर सप्लायमधून मेन्सशी मिळून १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स सहज असते. १०० पिकोफॅरडला दर नॅनोसेकंदाला १० व्होल्ट लावले तर १ अँपिअर करंट वाहतो, प्रत्येक एजला. तो १ अँपिअर तुमच्या सोर्समधून क्लिपच्या वायरीतून जातो, म्हणजे ज्या नोडकडे बघायचंय त्यालाच तुम्ही एक जड ओझं बांधलंत. मग स्क्रीनवर रिंगिंग दिसतं आणि माणूस गेट रेझिस्टर बदलत बसतो.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर सर्किटच्या बाजूला लावणं त्यापेक्षा खूप बरं, स्कोप अर्थलाच राहतो. पण त्यालाही अट आहे. क्लिप लावली की तो पॉइंट अर्थ झाला आणि आयसोलेशन तिथेच संपलं, आता सर्किटच्या दुसऱ्या कुठल्याही पॉइंटला हात लागला तर शॉक पूर्ण बसणार, आणि लीकेज बघून ट्रिप होणारं उपकरण मागे लावलेलं असेल तरी ट्रान्सफॉर्मरच्या पुढचं त्याला दिसत नाही. शिवाय क्लिप बसच्या मायनसला लावा, स्विच नोडला (वरच्या मॉस्फेटचा सोर्स आणि खालचा मॉस्फेट जिथे जुळतात त्या पॉइंटला) तरीही नको, कारण मग स्विच नोड जागेवर राहतो आणि अख्खी बस, कपॅसिटर, हीटसिंक, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग असं सगळं उलट दिशेने नाचायला लागतं.

बॅटरीवर चालणारे हॅन्डहेल्ड स्कोप असतात त्यातही फरक आहे. काहींचे चॅनल खरोखर एकमेकांपासून आणि बाहेरून आयसोलेटेड असतात, प्लास्टिकचे बीएनसी, अंगावर कॅट रेटिंग (मेन्सच्या कामाला किती व्होल्टपर्यंत सुरक्षित ते) छापलेलं, उदाहरणार्थ कॅट थ्री १००० व्होल्ट. ते अशा कामासाठीच बनवलेत. पण नुसता बॅटरीवर चालतो म्हणून धातूचे बीएनसी असलेला कुठलाही स्कोप आयसोलेटेड समजू नका, त्याच्या दोन क्लिपा आतून जोडलेल्याच असतात आणि उघडा धातू लाइव्ह होतो.

आता दोन चॅनलची वजाबाकी. दोन्ही प्रोबच्या टिपा गेटला आणि सोर्सला, क्लिपा दोन्ही एकमेकींना जोडून (बसचा मायनस अर्थला असेल तर त्याला), आणि मॅथमध्ये चॅनल १ वजा चॅनल २. पद्धत सुरक्षित आहे, तत्त्वही बरोबर आहे, आणि कॉमन मोड छोटा असेल किंवा हळू हलत असेल तर मी स्वतः वापरतो. तुमच्या केसमध्ये मात्र आकडे मांडून बघा. ४०० व्होल्ट आणि वरचा ओव्हरशूट स्क्रीनवर मावायला १०० व्होल्ट पर डिव्हिजन ठेवावं लागतं, ८ डिव्हिजन म्हणजे ८०० व्होल्ट, ८ बिटचा स्कोप त्याच्या २५६ पायऱ्या करतो, म्हणजे एक पायरी ३ व्होल्टपेक्षा मोठी. तुमचा १२ व्होल्टचा सिग्नल जेमतेम चार पायऱ्यांचा झाला! त्यात दोन प्रोबचं अटेन्युएशन अगदी एकसारखं नसतं, १ टक्का फरक अगदी सामान्य आहे, आणि ४०० चा १ टक्का म्हणजे ४ व्होल्टची चूक. आणि दोन चॅनलमध्ये १ नॅनोसेकंद जरी डिले असेल तर प्रत्येक एजला १० व्होल्टचा स्पाइक, जो सर्किटमध्ये नाहीच. हवं तर दोन्ही टिपा एकाच पॉइंटला लावून डीस्क्यू करा (दोन चॅनलमधला डिले जुळवा), कॉम्पेन्सेशन ट्रिमर एकसारखे जुळवा, फरक पडतो, पण ३ व्होल्टची पायरी त्याने जात नाही.

एक आणखी, साध्या १०एक्स प्रोबचं स्वतःचं रेटिंग बघा. बऱ्याच प्रोबवर ३०० व्होल्ट कॅट टू लिहिलेलं असतं, आणि तेसुद्धा काही मेगाहर्ट्झच्या वर डीरेट होत जातं. ४०० व्होल्टच्या नोडला असला प्रोब लावूच नये, १००एक्स लागतो.

तर आत्तापर्यंत एवढं: क्लिप म्हणजे अर्थ, फ्लोटिंग स्कोप नको, वजाबाकीला १२ व्होल्ट दिसतीलही पण विश्वास ठेवण्याइतके नाही. राहिला डिफरेन्शियल प्रोब, आणि इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचाय कारण तो घेतला की सगळे निर्धास्त होतात.

डिफरेन्शियल प्रोब वजाबाकीच करतो, फक्त स्कोपमध्ये जायच्या आधी, नीट जुळवलेल्या अटेन्युएटरने आणि अँप्लिफायरने. दोन्ही इनपुट आतल्या काही मेगाओहममधून अर्थला बांधलेले असतातच, तो आयसोलेटेड नाहीये, फक्त जोडणी इतकी हलकी आहे की सर्किटला त्रास होत नाही. कॉमन मोड किती दाबला जातो याचा आकडा म्हणजे सीएमआरआर. ८० डीबी म्हणजे दहा हजार पट, ४०० व्होल्टचे ४० मिलिव्होल्ट उरतात, झकास. पण हे ८० डीबी असतात ५० हर्ट्झला. डेटाशीटमध्ये पुढची ओळ वाचा, साधारण हाय व्होल्टेज प्रोबला १०० किलोहर्ट्झला ६० च्या आसपास आणि काही मेगाहर्ट्झच्या वर ३० च्या आतबाहेर. तुमची एज ४० नॅनोसेकंदाची आहे, ०.३५ भागिले ४० नॅनोसेकंद केलं की साधारण ९ मेगाहर्ट्झ येतात. तिथे ३० डीबी म्हणजे फक्त ३२ पट. ४०० भागिले ३२, साडेबारा व्होल्ट. तुमचा सिग्नल १२ चा आणि खोटा स्पाइक साडेबाराचा! हा हिशोब ढोबळ आहे, प्रत्यक्षात एजच्या आकारावर आणि प्रोबवर बरंच अवलंबून आहे, पण ऑर्डर हीच असते. म्हणजे गेट शांतपणे ० किंवा १२ वर बसलेला असतानाचं व्होल्टेज प्रोब नीट दाखवेल, पण नेमक्या एजच्या त्या ५०-१०० नॅनोसेकंदात, जिथे तुम्हाला मिलर प्लॅटो (मॉस्फेट स्विच होताना गेटचं व्होल्टेज थबकतं तो टप्पा) आणि खोटा टर्न ऑन (नको तेव्हा मॉस्फेट ऑन होणं) बघायचाय, तिथेच तो सगळ्यात कमी विश्वासू असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. एका कन्व्हर्टरवर मला हाय साइड गेटवर टर्न ऑफनंतर ७ व्होल्टचा काटा दिसत होता, थ्रेशोल्डच्या (ज्याच्या वर मॉस्फेट ऑन व्हायला लागतो त्या व्होल्टेजच्या) चांगलाच वर. मी दोन दिवस गेट रेझिस्टर बदलले, गेट-सोर्समध्ये कपॅसिटर टाकला, निगेटिव्ह बायसचा विचार सुरू केला, आणि काटा जिथे होता तिथेच, तेवढाच. खरं तर हेच मला खटकायला हवं होतं, गेट सर्किट बदललं तर गेटवरचं व्होल्टेज बदलायला हवं ना. तिसऱ्या दिवशी मी सप्लाय बंद केला, बस कपॅसिटर डिस्चार्ज झालाय हे मीटरने बघितलं, आणि प्रोबचा लाल हुक गेटवरून काढून काळ्या हुकाशेजारी त्याच सोर्सच्या पायावर अडकवला. दोन्ही हुक एकाच पायावर, बाकी काहीही हलवलं नाही. सप्लाय दिला. स्क्रीनवर सरळ रेघ दिसायला हवी होती, आणि त्याच जागी तोच काटा होता, ६ व्होल्टच्या थोडा वर. तो काटा गेटवर कधीच नव्हता.

तेव्हापासून ही नल टेस्ट केल्याशिवाय मी हाय साइडच्या कुठल्याच वेव्हफॉर्मवर बोलत नाही. तुम्हीही आधी हेच करा: दोन्ही टोकं सोर्सला, बस व्होल्टेज तेच, लोड तोच, वायरी तशाच ठेवून, आणि जो ट्रेस येईल तो रेफरन्स म्हणून सेव्ह करा. मग लाल टोक गेटला लावून खरा ट्रेस घ्या आणि दोन्ही एकावर एक ठेवा. रेफरन्समध्ये जे आहे ते गेटचं नाही. त्याच टेस्टमध्ये दोन वायरी एकमेकींभोवती पिळून बघा. काटा लहान झाला तर त्यातला काही भाग वायरींच्या लूपमध्ये शिरणाऱ्या मॅग्नेटिक फील्डचा होता, पिळूनही तसाच राहिला आणि स्विच नोडच्या एजबरोबरच येत असेल तर तो सीएमआरआरचा. अटेन्युएशन ५०एक्स आणि ५००एक्स असं सिलेक्ट करता येत असेल तर ५०एक्स ठेवा, १२ व्होल्ट त्यात आरामात मावतात आणि नॉइज बराच कमी होतो, कॉमन मोडची मर्यादा बहुतेक प्रोबमध्ये दोन्ही सेटिंगला तीच राहते पण आपल्या प्रोबच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

ऑप्टिकल आयसोलेशनवाले प्रोब या दुखण्यावरच निघालेत, टेक्ट्रॉनिक्सने २०१६ मध्ये आयसोव्ह्यू आणला तो तसाच, त्यात १०० मेगाहर्ट्झच्या आसपासही सीएमआरआर १०० डीबीच्या वर मिळतो. गॅलियम नायट्राइड किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या (सिलिकॉनपेक्षा फास्ट) स्विचवर रोज काम असेल तर त्याला पर्याय नाही म्हटलं तरी चालेल. एका सिलिकॉन हाफ ब्रिजसाठी मी तुम्हाला तो घ्यायला सांगणार नाही.

कारण बऱ्याचदा हाय साइड थेट मोजायची गरजच नसते. बस बंद ठेवा, स्विच नोड एका वायरीने बसच्या मायनसला बांधा, ड्रायव्हरला (गेट चालवणाऱ्या सर्किटला) फक्त त्याचा १२ व्होल्ट सप्लाय आयसोलेटेड बेंच सप्लायमधून द्या, मेन्सची कॉर्ड काढून ठेवा. आता हाय साइडचा सोर्स हलत नाहीये, कॉमन मोड शून्य, साधा १०एक्स प्रोब चालतो आणि सगळ्यात स्वच्छ चित्र मिळतं: बूटस्ट्रॅप (हाय साइड ड्रायव्हरला सप्लाय देणारा कपॅसिटर) चार्ज होतो का, गेट किती पटकन चढतो, डेड टाइम (दोन्ही मॉस्फेट ऑफ असतात तो वेळ) किती. फक्त लांब क्लिप काढून टिपेवर छोटी स्प्रिंग लावा, कारण १५ सेंटीमीटरची वायर म्हणजे साधारण १५० नॅनोहेन्री, ती प्रोबच्या १२ पिकोफॅरडबरोबर १२० मेगाहर्ट्झच्या आसपास वाजते आणि तुम्हाला वाटतं गेट रिंग होतोय. मिलर इफेक्ट यात दिसणार नाही, ड्रेन (मॉस्फेटचा तिसरा पाय) हलतच नाहीये. ते बघायला आयसोलेटेड सप्लायवरून बस द्या, मायनस अर्थला बांधा आणि खालच्या मॉस्फेटचा गेट बघा. ड्रायव्हर, रेझिस्टर आणि ट्रॅकची लांबी दोन्हीकडे सारखी असेल तर वरती फार वेगळं होत नाही. ले-आउट सारखा नसेल तर मात्र ही मोकळीक घेऊ नका.

आणि टोक नेमकं कुठे टेकवताय ते बघा. डिफरेन्शियल म्हणजे दोन पॉइंटमधला फरक, मग पॉइंट बदलला की उत्तर बदलतं. सोर्सच्या पायाच्या मुळाशी लावलं आणि पीसीबीवर १ सेंटीमीटर पुढे लावलं यात मध्ये ८ नॅनोहेन्री धरा, करंट नॅनोसेकंदाला अर्धा अँपिअर बदलत असेल तर तिथे ४ व्होल्ट पडतात, आणि हे ४ व्होल्ट खरे असतात, प्रोबचा दोष नसतो, फक्त ते गेट आणि सोर्समधले नसतात. पायाच्या मुळाशी, पॅकेजला चिकटून लावा, त्याच्या आत जाता येत नाही तेवढं सोडून द्या.

आधी जळालेली क्लिप आणि तो प्रोब बाजूला ठेवा. स्कोपच्या अर्थ पिनपासून बीएनसीच्या कड्यापर्यंत मीटरने कंटिन्युइटी बघा, एवढा करंट जाऊन आतला ट्रॅक उडालेला असू शकतो आणि मग स्कोप तुमच्या नकळत फ्लोटिंग झालेला असतो. कंटिन्युइटी आली की बस कुठून येतेय ते आणि नल टेस्टचा ट्रेस इथे टाका, गेट रेझिस्टरचं त्यानंतर बोलू.